नवा ब्राउझर आणि सातचा फोन

आमच्या कॉम्प्युटरवर आधीच तीन ब्राउझर होते. एक मशीनसोबत आलेला, सारखा 'मलाच वापरा' म्हणून मागं लागणारा. दुसरा, सगळ्या जगाकडं असतो तो. आणि तिसरा ह्यांचा. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं ज्याच्यातनं उघडतात ते, एवढं मला ह्यांच्यामुळं कळलं होतं. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला तीन म्हणजे डोक्यावरून पाणी. पण गेल्या पावसाळ्यात आमचा मुलगा पुण्याहून येताना चौथा घेऊन आला, आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही. लिहून काढलं तर येईल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून लिहायला बसलेय.

हे म्हणजे माझे यजमान. भूगोलाचे मास्तर. पोरांना नद्या, धरणं, वारे शिकवण्यात सगळी नोकरी गेली. काचबिंदूनं डोळे नेले. आधी कडेचं दिसेना, मग हळूहळू मधलंही जायला लागलं. रिटायर व्हायच्या वर्षी स्वतःच फळ्यावर काढलेला नकाशा ह्यांना दिसत नव्हता, तरी बोट बरोबर कोयनेवर ठेवायचे. पोरांना महिनाभर कळलं नाही. मला कळलं होतं, कारण घरी आल्यावर चप्पल काढताना भिंत चाचपायचे.

आमटीत मीठ किती आहे ह्यापलीकडं आता बाकीच्या आयुष्यात काही ठरवायला नको, अशा अवस्थेत हा माणूस दोन-अडीच वर्षं खुर्चीत बसून होता. मग आंधळ्यांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका वर्गाला जायला लागले. रिक्षानं दोन महिने गेले. बरोबरची पोरं विशीतली, हे एकसष्टचे. तिथं माऊस नसतो. सगळं कीबोर्डवर, आणि पडद्यावर जे असेल ते मशीन मोठ्यानं वाचून दाखवतं. घरी सराव करताना बटणं सापडायला त्रास व्हायचा, म्हणून माझ्या पाकिटातल्या मखमली टिकल्या मी तीन बटणांवर चिकटवून दिल्या. त्यातली एक आवाज गप्प करायच्या बटणावर. ते मशीन एकदा वाचायला लागलं की पानातलं शेवटचं अक्षर येईपर्यंत थांबत नाही. आपल्याला पाहिजे ते ऐकलं की टिकली दाबायची, ते गप्प.

आता सातच्या फोनचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या फोनावर आहे.

ह्यांची धाकटी बहीण शिरोळ तालुक्यात दिलेली. नदीच्या बाजूला त्यांचा मळा, मळ्यातच घर, घराला लागून गोठा, गोठ्यात पाच म्हशी. घरात वन्सं आणि त्यांचे मालक, दोघंही साठीच्या पुढं. पाणी चढायला लागलं की त्यांचं घर लगेच बुडत नाही, पण मळ्यातनं गावात जायचा रस्ता खालच्या अंगाला आहे, तो आधी जातो. रस्ता उघडा आहे तोवर जनावरं ट्रॉलीत घालून गावात न्यायची. उशीर झाला की मग पाण्यातनं हाकावी लागतात. एवढंच त्यांना दर पावसाळ्यात कळायला लागतं: आज हलायचं का उद्या.

कोल्हापुरात पावसाळ्यात कुणी भेटलं तर आधी पाणी किती फूट झालं विचारतात, मग तब्येत. पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथला आकडा सगळ्या शहराच्या तोंडात असतो. इशाऱ्याची एक पातळी, धोक्याची एक. इथं आज सकाळी जे पाणी आहे ते शिरोळच्या बाजूला किती वेळानं आणि किती चढून पोचतं, ह्याचा अंदाज ह्यांच्या डोक्यात पक्का बसलेला. भूगोल शिकवला म्हणून नाही, त्या गावात सुट्टीत जाऊन जाऊन बसला. त्यामुळं वन्संचा सगळा विश्वास दादावर. त्यांच्या गावातल्या ग्रुपवर दहा जण दहा आकडे टाकतात, मागल्या महापुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरवतात. वन्संकडं साधा बटणांचा फोन. "त्या ग्रुपचं काय सांगू नका मला. दादानं सांगितल्याबिगर मी जागची हलायची न्हाय," असं त्या मालकांना तोंडावर सांगायच्या.

तर रोज सकाळी पावणेसातला हे कॉम्प्युटरपुढं बसायचे. पाणीपातळीचं सरकारी पान उघडायचं. मग पानातल्या मथळ्यावर नेणारं बटण दोनदा, तक्त्यावर नेणारं एकदा, खालचा बाण चारदा. स्वयंपाकघरात माझ्या कानांना ते पाठ झालं होतं. मग तो सपाट आवाज यायचा: राजाराम बंधारा, सकाळी सहा, आणि मग फूट. तक्त्यात रकानेच तसे होते, नाव, वेळ, फूट. फूट ऐकले की टिकलीवर बोट. नाहीतर मशीन पुढच्या बंधाऱ्याचं सुरू करायचं. मग मोबाइल कानाला.

"दादा, किती हाय पाणी?"

"सहाची नोंद आहे. इशाऱ्याच्या खाली साडेतीन फूट. आज निवांत राहा."

"बरं." आणि फोन बंद. बास, एवढंच बोलणं.

भाजी मी आणते. औषधं मी काढून देते. बँकेचं मुलगा पुण्यातनं बघतो. खाली उतरायचं तर कुणीतरी हात धरतं. दिवसभर ह्या माणसाला सगळे काही ना काही देतच असतात. तो एक फोन असा होता, ज्यात हे कुणालातरी काहीतरी द्यायचे. त्या फोनानंतर चहाचा कप उचलायची ह्यांची पद्धत वेगळी असायची. मी रोज बघायचे.

मुलगा आला तो शनिवारी. त्याच्या आधीच नवीन ब्राउझरची वार्ता आमच्या जिन्यापर्यंत पोचली होती. वरच्या मजल्यावर बँकेतनं रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. पेपर वाचून झाला की जे वाचलं ते सांगायला खाली उतरतात. "वहिनी, बाजारात एवढे ब्राउझर असताना कुणी नवीन काढतो म्हणजे त्याच्यात दम असणार की नाही? जुने सगळे बाद होणार, बघा तुम्ही." त्यांनी स्वतः तो बघितलेला नव्हता. मी विचारलं, जुन्यांचं काय बिघडलं होतं? तर म्हणाले, बिघडायला कशाला पाहिजे. ह्या उत्तराचा मला तेव्हाच राग आला होता. कोथिंबीर निवडत होते म्हणून गप्प बसले.

मुलाचं तर काय विचारता. जेवताना तेच, झोपाळ्यावर तेच. ऑफिसात सगळे त्याच्यावर गेले म्हणे. कुणाला आवडला, कुणी नावं ठेवली, कुठल्या कंपनीचं धाबं दणाणलं, ह्याची बातमीपत्रं दोन दिवस आमच्या घरात चालली. मी म्हटलं, अरे, ते लढतायत तर लढू देत, आपल्याला पाणी बघायचंय. तो हसला. रविवारी सकाळी ह्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि ह्यांचं ते मोजून बटणं दाबणं त्यानं बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी बघितलंय, ते नाकारत नाही. पोरगं वाईट नाही.

"बाबा, आता मोजायचं बंद," तो म्हणाला. "तोंडानं विचारायचं. हा स्वतः पान उघडतो, स्वतः वाचतो, आणि तुम्हाला फक्त उत्तर सांगतो."

"बरं आहे की," हे म्हणाले. मास्तरांना मी चाळीस वर्षं ओळखते. आवडलेल्या गोष्टीला ते 'बरं आहे की' म्हणत नाहीत, गप्प राहून आणखी मागतात.

"जुना आहे ना रे आत?" ह्यांनी विचारलं. आहे, म्हणाला. थोड्या वेळानं परत विचारलं. जेवायला बसल्यावर तिसऱ्यांदा. आहे हो बाबा, कुठं जातोय. आहे म्हणजे कसा आहे, तर कुठंतरी आत नेऊन ठेवलेला. समोर राहिला तर बाबा सवय सोडणार नाहीत, असं त्यानं मला हळूच सांगितलं. सवय सोडवायची, म्हणजे काय हे तंबाखू खात होते काय? हे मला आता सुचतंय. तेव्हा मी मान हलवली.

आणि खरं सांगायचं तर मलाही तो आवडला. हे लिहिताना सगळ्यांत जास्त संताप ह्याचाच होतो. सकाळची ती टकटक थांबली. हे खुर्चीत टेकून विचारायचे, उत्तर यायचं. पडद्यावर ओळी उमटायच्या आणि नेहमीचाच सपाट आवाज त्या वाचायचा. सोमवारी ह्यांनी त्याला पाण्याचं विचारलं, बरोबर सांगितलं. मंगळवारी आणखी काय काय विचारलं, कुठला घाट, कुठली नदी. एका ठिकाणी त्यानं उपनदी चुकवली तर ह्यांनी त्याला वर्गातल्यासारखं दटावलं. मी हसले. मला वाटलं, चला, ह्यांना बोलायला कुणीतरी मिळालं आणि माझी सुटका झाली. असं वाटलं, हो. आता वाटून काय उपयोग.

मंगळवारी रात्रभर पाऊस लागून राहिला होता. घाटाकडं जास्त. पहाटे राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले होते, हे आम्हाला नंतर कळलं. बुधवारी पावणेसातला ह्यांनी विचारलं, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती आहे?" मी कुकर लावत होते. आवाज आला: "राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी इशारा पातळीपेक्षा दोन फूट खाली आहे." आणि टिकली दाबल्याचा टक. लगेच फोन.

"इशाऱ्याच्या खाली दोन फूट आहे. पाऊस आहे, पण आजचा दिवस वेळ आहे तुम्हाला. उद्या सकाळी बघून हला."

"मालक म्हणत हुते आजच हलूया म्हणून."

"नको, एवढ्या पावसात ट्रॉली कशाला घालता. उद्या सांगतो मी."

"बरं दादा."

चारला फोन माझ्या मोबाइलवर आला. वन्सं. मी 'हॅलो' म्हटलं. ती म्हणाली, "वहिनी, दादा जवळ हाय का?" मी म्हटलं, शेजारी बसलेत. "मग आत जावा जरा." मी आत गेले. तिनं सांगितलं. अकरालाच रस्त्यावर पाणी आलं. ट्रॉली येईना. शेजारच्या मळ्यातले दोघं आले म्हणून त्यांनी मिळून जनावरं पाण्यातनं काढली. चार निघाली. पाचवी गाभण होती, आठवा महिना. ओढ्याच्या मोरीपाशी तिचा पाय घसरला, ती कुशीवर पडली, आणि मालकांच्या हातातनं दावं सुटलं. उसाच्या फडात पुढं कुठंतरी असेल, म्हणाली. तिचे मालक त्या वेळेपासून ओट्यावर बसून होते.

"दादाला सांगू नका," वन्सं म्हणाल्या. "दादाचा काय दोष न्हाय त्यात. पाणीच तसं आलं."

मी बाहेर आले तर हे उभे होते. भिंतीला हात लावून. कानांना काही कमी नाही ह्यांच्या.

मी कॉम्प्युटरपाशी गेले. सकाळपासून तो तसाच चालू होता. पडद्यावर ती ओळ तशीच होती आणि तिच्या पुढं आणखी एक होती. दोन फूट खाली आहे. ही नोंद काल सायंकाळी सहा वाजताची असून सध्याची पातळी वेगळी असू शकते. मी ती दोनदा वाचली, मनात. सकाळचा आकडा तोवर सरकारी पानावर आलाच नव्हता म्हणून त्यानं कालचा उचलला होता. जुन्या पानावर आधी वेळ यायची आणि शेवटी फूट. वेळ ऐकल्याशिवाय फूट ऐकूच यायचे नाहीत. फूट आले म्हणजे संपलं, दाबा टिकली, असं ह्यांच्या बोटाला चार वर्षांत बसून गेलं होतं. ह्या नव्यानं फूट आधी सांगितले आणि वेळ मागं ठेवली. बोट आपल्या जाग्यावर गेलं.

माझ्या अंगाची आग झाली. मुलाला फोन लावला. आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो, ह्यांना ऐकायला बरं म्हणून. तेवढं भान मला राहिलं नाही. मी त्याला जे बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हशीचं सांगितलं. कालचा आकडा दिला तुझ्या त्यानं, म्हटलं. तो आधी घाबरला. मग म्हणाला, आई, पडद्यावर काय आहे ते वाच बघू. मी रागाच्या भरात मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

"मग सांगितलंय की त्यानं," मुलगा म्हणाला. "कालची नोंद आहे म्हणून स्पष्ट सांगितलंय. बाबांनी पुढचं ऐकलंच नाही."

फोन स्पीकरवर आहे हे मला तेव्हा कळलं. मी वळून बघितलं. हे खुर्चीत बसले होते, हात मांडीवर.

"बरोबर आहे त्याचं," हे म्हणाले. "मीच गप्प केलं त्याला."

त्या दिवसापासून मला एका गोष्टीची चीड आहे ती जात नाही. तो मुलगा खरं बोलला. तो ब्राउझरही खरं बोलला. सगळे खरं बोलले आणि गाभण म्हैस उसात गेली, आणि चूक कुणाच्या पदरात पडली तर ज्याला दिसत नाही त्याच्या. मी मुलाला म्हटलं, अरे, तू रविवारी तासभर त्यांच्याजवळ बसलास, डोळे पुसलेस, पण ते ऐकतात कसे हे विचारलंस का? कुठं थांबतात हे बघितलंस का? जगातल्या सगळ्या ब्राउझरांची भांडणं तुला तोंडपाठ, आणि बापाचं बोट कुठं जातं ते माहीत नाही. तो म्हणाला, आई, मी चांगल्यासाठी केलं. म्हटलं, ते ठाऊक आहे मला, म्हणून तर जास्त राग येतो. वाईटासाठी केलं असतंस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी वरचे गृहस्थ उतरले. त्यांना कुठनं कळलं देव जाणे. बसले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, नवीन गोष्टीला थोडा वेळ द्यावा लागतो वहिनी, सुरुवातीला सगळ्यांकडनंच होतं असं, पुढची आवृत्ती येईल त्यात सुधारणा असतील. मी विचारलं, पुढच्या आवृत्तीत म्हैस येते काय? ते म्हणाले, तसं नव्हे. मी म्हटलं, मग चहा घ्या आणि वर जा. चहा न घेताच गेले. महिनाभर आमच्याकडं आले नाहीत, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

मुलानं पुण्यातनंच जुना ब्राउझर परत पुढं आणून दिला. नवा काढून टाक म्हटलं, काढला. पण ते पहिलं काही परत आलं नाही. हे आता साडेसहालाच बसायचे. दोनदा, एकदा, चारदा. ऐकायचे. मग परत पहिल्यापासून. दोनदा, एकदा, चारदा. तीन तीन वेळा तपासायचे, आणि मशीन पुढच्या बंधाऱ्याचं बडबडत राहिलं तरी टिकली दाबायचे नाहीत. पानाच्या शेवटापर्यंत सगळं ऐकून घ्यायचे. पलीकडच्या तालुक्यातली धरणं, कुठल्या बंधाऱ्यावरची वाहतूक बंद, सगळं. मग फोन. आणि फोनवर आधी वेळ सांगायचे, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून, वर्गात मागच्या बाकावर ऐकू जावं तसं. मला ते ऐकवायचं नाही.

आणि आता जे मी केलं ते लिहिते.

त्या बुधवारनंतर आठवड्यानं वन्संचा फोन मला आला. सकाळी साडेसहाला. मालकांचं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं, उरलेल्या म्हशी परत मळ्यात आणल्या होत्या, आणि पाऊस पुन्हा धरला होता. "वहिनी, तुमच्या मोबाइलवर दिसतंय न्हवं पाणी? तुमीच बघून सांगत जावा मला. दादा सातला करतोच फोन, मी घेती, न्हाय म्हणत न्हाय. पर मालकांस्नी आता तुमच्या तोंडचं पायजे. दादाला कळू देऊ नका."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? मला ठाऊक आहे काय म्हणायला पाहिजे होतं. वन्सं, तुमच्या दादाचं एकदा चुकलं, ते पण दुसऱ्यानं चुकवलं, तीन तीनदा तपासतोय तो माणूस, त्याच्यावर भरवसा ठेवा. असं ठणकावून सांगायला पाहिजे होतं. मुलाला तोंड वर करून बोललेच होते की मी. पण माझ्या डोळ्यांपुढं ती ओढ्याची मोरी आली. परत चुकलं तर, असं मनात आलं. मी म्हटलं, बरं.

तेव्हापासून रोज साडेसहाला मी मोबाइल घेऊन गॅलरीत जायचे. दार ओढून घ्यायचे. आकडा बघायचे, वेळ बघायचे, हळू आवाजात वन्संना सांगायचे. मग आत येऊन चहा ठेवायचे. सातला ह्यांचा फोन व्हायचा, तिकडनं "किती हाय दादा," असं पहिल्यासारखं विचारायची ती, हे सांगायचे, ती "बरं" म्हणायची. शहाण्या बायका आम्ही दोघी. मला वाटायचं, कुणाचं काय जातंय? म्हशी सुखरूप, ह्यांचा फोन सुरू, सगळ्यांचं भागतंय. आणि त्याच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. मुलाला म्हणत होते, न विचारता बापाचं काम हातातनं काढून घेतलंस. मी काय वेगळं करत होते? त्यानं निदान दिवसाढवळ्या, सगळ्यांपुढं केलं होतं.

पंधरा-वीस दिवस असे गेले. एका सकाळी पाणी इशाऱ्याच्या वर गेलं होतं. साडेसहाला माझं सांगून झालं, मी आत आले, आलं ठेचलं, चहा ठेवला. हॉलमध्ये ह्यांचं चाललं होतं. दोनदा, एकदा, चारदा. परत. परत. मग मशीन पानाच्या शेवटापर्यंत बोलून आपोआप थांबलं. सात वाजून गेले. फोनाचा आवाज येईना. मी कप घेऊन बाहेर आले. मोबाइल टेबलावर होता आणि हे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"सहाची नोंद आहे," हे म्हणाले. "इशाऱ्याच्या वर एक फूट. आज दुपारच्या आत हलायला पाहिजे त्यांनी."

"मग लावा की वन्संना फोन," मी म्हटलं. "सात वाजून गेले."

"ते हललेसुद्धा असतील. तू सांगितलंस ना मघाशी."

ओरडतील असं वाटलं. चाळीस वर्षांत चारदा ओरडलेत, हे पाचवं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडले असते मी. मुलाचं काढलं असतं, वन्संचं काढलं असतं, रडले असते. ह्यांनी हात पुढं केला, कप कुठं आहे ते चाचपून हातात घेतला, एक घोट घेतला.

"गॅलरीचं दार लावलं तरी ऐकू येतं," हे म्हणाले. "मी रोज ताडून बघतो. तुझा आकडा एकदाही चुकला नाही."